पाणी किती फुटांवर? : दूर गेलेली लेकरे आणि घरातली थोरली माणसे

कोल्हापूर शहराच्या उत्तरेला, पंचगंगेच्या काठावर कसबा बावडा आहे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी इथल्याच लक्ष्मी-विलास राजवाड्यात झाला. इथे राजाराम साखर कारखाना आहे, उसाची शेते आहेत आणि नदीवर राजाराम बंधारा आहे. पावसाळा लागला की साऱ्या कोल्हापूरचे डोळे या बंधाऱ्याकडे लागतात, कारण पंचगंगेची पातळी इथेच मोजली जाते. ३९ फूट झाले की इशारा आणि ४३ फूट झाले की धोका, हे दोन आकडे बावड्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात.

जुलै महिना आला की पुण्याला चाकणच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा, मुंबईला दिलेली लेक, कुठे आखातात गेलेला पुतण्या, सगळ्यांचे फोन एकाच प्रश्नाने सुरू होतात, ‘पाणी किती फुटांवर?’ खरे तर हा आकडा त्यांना आधीच ठाऊक असतो. बंधाऱ्यावरची पातळी तासातासाला मोबाईलवर फिरत असते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की ती बातमी भोगावतीचे पाणी बावड्याला पोहोचण्याच्या कितीतरी आधी पुण्याला पोहोचलेली असते. तरीही फोन येतो. प्रश्न पाण्याचा असतो, पण विचारायचे असते ते दुसरेच. आई, तू बरी आहेस ना? बाबांच्या गोळ्या आहेत ना? रात्री झोप लागते का?

हे दुसरे प्रश्न आपल्या माणसांना सहसा सरळ विचारता येत नाहीत. कष्टकऱ्याच्या घरात माया बोलून दाखवायची रीत नाही. ती पाण्याच्या, पगाराच्या, जेवणाच्या चौकशीतून व्यक्त होते. म्हणूनच हातात मोबाईल आल्यापासून आपली थोरली आणि धाकटी पिढी जवळ आली की लांब गेली, याचा विचार करताना आम्हांला हा बंधाऱ्याचा आकडा फार बोलका वाटतो.

पत्र साऱ्या घराचे होते

थोडे मागे जाऊन पाहू. दक्षिण महाराष्ट्रातली किती तरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत कामाला गेली. त्यांचा घराशी धागा होता तो पोस्टमनच्या पिशवीत. महिन्याची मनीऑर्डर आणि तिच्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर लिहिलेल्या दोन ओळी, हाच कित्येक घरांचा पत्रव्यवहार. आंतरदेशीय पत्र आले तर ते वाचायला शाळेत जाणारे पोर बोलवावे लागे. आज्जी, आई, शेजारीण असे सगळे भोवती बसत. पोर अडखळत वाचायचे. ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ इथपासून ते ‘म्हशीचे कसे काय’ इथपर्यंत सारे सर्वांच्या कानांवर पडायचे. पत्र एकाच्या नावाने आलेले असले, तरी ते साऱ्या घराचे असायचे.

पण पत्राला एक काच होता. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्याचे तोंड बघावे लागे. लोकशाहीर वामनदादा कर्डक यांची हकीकत आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. मुंबईत असताना एका माणसाने त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितले. वामनदादांना अक्षरओळख नव्हती. ती गोष्ट त्यांच्या मनाला इतकी लागली, की ते जिद्दीने लिहायला-वाचायला शिकले, आणि पुढे त्यांनी हजारो गीते लिहिली, असे सांगतात. एका पत्राने एका माणसाच्या आयुष्याची दिशा पालटली. परंतु ज्यांना शिकण्याची संधीच मिळाली नाही अशा लाखो आयाबहिणींना पत्र हे जन्मभर दुसऱ्याच्या डोळ्यांनीच वाचावे लागले. लेकीला मनातले लिहायचे, तर तेही शेजारच्या पोराला सांगून. मग मनातले मनातच राही.

पुढे एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी गल्लीच्या तोंडाशी आली. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते शेजाऱ्याचा नंबर देत आणि त्यापुढे ‘पी.पी.’ लिहीत. फोन आला की शेजाऱ्याचे पोर हाक मारत पळत यायचे आणि आज्जी पदर सावरत धावायची. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून बूथपुढे रात्रीच रांग लागे. भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. सुरुवातीला तर आलेल्या फोनलाही पैसे पडत. त्यामुळे आपल्या वस्तीत मोबाईल आला तो बराच उशिरा. २०१३ च्या जुलैमध्ये तारेची सेवा कायमची बंद झाली. तार म्हटले की घरात रडारड सुरू व्हायची तो काळ संपला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डाटा स्वस्त झाला, आणि पाहता पाहता रोजंदारीवरच्या माणसाच्या खिशातही स्मार्टफोन आला.

या सर्व बदलात एक गोष्ट मात्र आमच्या नजरेत भरते. पूर्वी पत्र वाचायला नातवंड लागत होते, आज फोन चालवायला नातवंड लागते. मधला दुवा तोच आहे. फरक एवढाच, की त्या वेळी पत्र साऱ्यांसमोर मोठ्याने वाचले जाई, आणि आज प्रत्येकाचा फोन प्रत्येकाच्या मुठीत आहे.

महापुराने शिकविलेला धडा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने सारे अंदाज खोटे ठरविले. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. बावडा-शिये रस्ता पाण्याखाली गेला, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. कोल्हापूरला येणारी-जाणारी वाट राहिली नाही. मुलगा पुण्यात, आई-बाप पाण्याच्या कडेला, आणि मध्ये महामार्गावर ट्रकांच्या मैल-मैल रांगा, अशी हजारो घरांची अवस्था झाली.

त्या दिवसांत मोबाईलने मोठे काम केले, हे मान्य केले पाहिजे. कोण कुठे अडकले आहे, कुठे होडी हवी, कुणाला औषध हवे हे निरोप फोनवरूनच गेले. लांब असलेल्या लेकराने आईचा चेहरा पडद्यावर पाहिला आणि त्याच्या घशाखाली घास उतरला. पण वीज गेल्यावर फोन चार्ज कुठे करायचा? रेंज गेल्यावर काय करायचे? शिवाय ‘अमुक धरण फुटले’ अशा अफवाही त्याच फोनवरून फिरल्या आणि माणसे निष्कारण घाबरली.

अशा वेळी कामाला आली ती थोरल्यांची आठवण. कोणत्या साली पाणी कुठवर आले होते, आपल्या गल्लीत ते आधी ओढ्याच्या बाजूने शिरते की गटारातून वर येते, धान्याचे पोते कोणत्या फळीवर ठेवायचे, जनावरे कधी सोडायची हे म्हाताऱ्या माणसाला तोंडपाठ असते. १९८९ आणि २००५ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना पाण्याची चाल कळते. मात्र २०१९ ला पाणी त्यांच्याही खुणांच्या वर गेले. ‘एवढ्यापर्यंत कधीच येत नाही’ असे म्हणून थांबलेल्यांना शेवटच्या घडीला बाहेर पडावे लागले. म्हणजे नुसती आठवण पुरली नाही आणि नुसता मोबाईलही पुरला नाही. फोनवर आलेला आकडा नातीने वाचावा आणि त्या आकड्याला पाणी आपल्या गल्लीत कुठे असते ते आजोबांनी सांगावे, अशी जोडी जिथे जमते तिथे घर वेळेवर हलते. दोन पिढ्यांचे नाते ही नुसती मायेची गोष्ट नाही, ती जीव वाचविणारीही गोष्ट आहे.

एक घर, चार पडदे

आता रोजच्या दिवसाकडे येऊ. संध्याकाळी कारखान्यातून, बांधकामावरून, धुण्याभांड्यांवरून माणसे घरी येतात. दहा बाय बाराची खोली. कोपऱ्यात मुलगा क्रिकेट पाहतो आहे, मुलीच्या कानात हेडफोन आहे, बाप एकामागून एक रील सरकवतो आहे, आई मालिका बघते आहे. आजी मधोमध बसली आहे आणि तिच्याशी कोणी बोलत नाही. इतक्या लहान खोलीत माणसे एकमेकांपासून इतकी लांब बसू शकतात, हे आमच्या आधीच्या पिढीला सांगूनही पटले नसते.

यावर काही करता येते का? शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने करून दाखविले आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दीड तास घराघरांतले मोबाईल आणि टीव्ही बंद. या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा. कोरोनाच्या काळात शाळेसाठी हातात आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना, हे पाहून गावाने हा निर्णय घेतला. सुरुवातीला लोक हसले, पण गावातल्या बायकांनी हा विषय लावून धरला.

या गोष्टीत आम्हांला महत्त्वाचे वाटते ते असे, की त्या दीड तासात बापाचाही फोन बंद होता. आपल्याकडे बहुतेक घरांत बाप स्वतः फोनमध्ये डोके घालून मुलाला ‘मोबाईल ठेव’ म्हणून ओरडतो. मुले सांगितलेले करीत नाहीत, पाहिलेले करतात. बावड्यासारख्या शहराच्या वस्तीत गावासारखा भोंगा वाजविणे अवघड आहे. पण घरापुरता भोंगा वाजविता येतो. जेवणाचा अर्धा तास सगळ्यांचे फोन एका डब्यात किंवा दिवळीत ठेवा. अर्धाच तास. पहिले चार दिवस जड जातील. पाचव्या दिवशी कुणीतरी काहीतरी बोलेलच.

कोरोनाच्या काळातला एकच फोन

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्षभराहून अधिक काळ अभ्यास मोबाईलवर गेला. ज्यांच्या घरात चार फोन त्यांना काही वाटले नाही. पण आपल्या बहुतेक घरांत एकच फोन होता, आणि तो बाप सकाळी कामावर घेऊन जाई. दोन-तीन मुले असली, की फोन आधी मुलाला आणि उरलेला वेळ मुलीला, हा हिशेबही कित्येक घरांत न बोलता झाला. त्या दोन वर्षांत मागे पडलेली मुले पुन्हा वर यायला फार कष्ट पडले, काही तर शाळेतून कायमची बाहेर गेली.

हे आज सांगण्याचे कारण असे, की फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. अर्ज, शिष्यवृत्ती, प्रवेश, निकाल सारे त्यावरच आहे. फोन वाईट, असे म्हणून मुलांच्या हातून तो काढून घेणारे घर मुलांचे नुकसान करील, आणि फोन देऊन मोकळे होणारे घरही नुकसानच करील. शिकायला मुंबईहून न्यूयॉर्कला, पुढे लंडनला गेलेल्या बाबासाहेबांचा घराशी धागा होता तो बोटीने येणाऱ्या पत्रांचा. एका पत्राला आणि त्याच्या उत्तराला कित्येक आठवडे लागत. दूर जाणे हा आपल्या समाजाच्या प्रगतीचा मार्गच राहिला आहे. मुलांनी दूर जाऊ नये, असे आपण म्हणू शकत नाही, म्हणूही नये. दूर गेल्यावर धागा कसा टिकवायचा, हे मात्र त्यांना घरातच शिकविले पाहिजे.

ओटीपी कुणाच्या फोनवर?

थोरल्या माणसांचा खरा छळ होतो तो सरकारी कामांत. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बहुधा मुलाचा असतो. मुलगा पुण्यात कामावर, आई सेवा केंद्राच्या रांगेत, आणि ओटीपी जातो मुलाच्या फोनवर. तो मशीनवर असतो, फोन लॉकरमध्ये. ओटीपीची मुदत संपते, आई हात हलवीत परत येते, दिवसाचा रोज बुडतो तो वेगळाच. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळू लागले. २०२५ मध्ये ई-केवायसी करायला सांगितले, त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागू लागला. ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत अशा बायकांची मोठी तारांबळ उडाली.

अशा वेळी नातवंडे चिडून म्हणतात, ‘आज्जी, दे इकडं, तुला काय कळत न्हाई.’ काम होते, पण म्हातारीचा मान जातो. आमची तरुण वाचकांना विनंती आहे, की काम आजीसाठी करू नका, आजीबरोबर करा. तिच्या हाताने बटण दाबू द्या. दहा मिनिटे जास्त लागतील. पण ज्या बाईने अंगठा देऊन आयुष्य काढले, तिला आपले नाव पडद्यावर उमटलेले पाहण्याचा आनंद त्या दहा मिनिटांत आहे.

काही कामे मात्र खरोखरच सोपी झाली आहेत, ती माहीत करून घ्यावीत. साखर कारखाने, गिरण्या, फौंड्री इथून निवृत्त झालेल्या ईपीएस-९५ पेन्शनरांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला मिळतो आणि आता तो घरी बसून, मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवूनही करता येतो. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांचा अंगठा मशीनवर उमटत नाही, त्यांना ही सोय फार उपयोगाची आहे. ईपीएस-९५ चा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. घरातल्या नातीने ही जबाबदारी उचलली, तर आजोबांचे दिवसभराचे हेलपाटे वाचतील.

याच फोनवरून म्हाताऱ्या माणसांना लुबाडलेही जाते. ‘मी पोलीस बोलतोय, तुमच्या मुलाला पकडले आहे’ किंवा ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे फोन येतात. डिजिटल अटक असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवरून अटक करीत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत. फोन ठेवून द्यावा आणि मुलाला स्वतः फोन करून विचारावे. पैसे गेलेच तर लाज न धरता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडविता येण्याची शक्यता अधिक. पुष्कळ म्हातारी माणसे मुले रागावतील या भीतीने फसवणूक लपवितात, आणि त्या वेळात चोर निसटतो. आपल्या घरात आजोबांना चूक सांगायची भीती वाटते का, हा प्रश्न प्रत्येक मुलाने स्वतःला विचारावा.

स्टेटसची आग

तरुण मुले फोनवर काय पाहतात, काय पाठवितात हे घरातल्यांना ठाऊक नसते. कोल्हापूरने याची किंमत मोजली आहे. २०२३ च्या जूनमध्ये काही पोरांनी मोबाईलवर ठेवलेल्या स्टेटसवरून शहरात तणाव पेटला, ७ जूनला दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. शाहूंच्या नगरीत हे घडावे, याचे दुःख प्रत्येक विचारी माणसाला झाले. दुकाने फुटली ती गरिबांची, आणि पोलीस ठाण्याच्या दारात बसल्या त्या आया.

पोरांचे फोन चोरून तपासा, असे आम्ही म्हणणार नाही. त्याने विश्वास तुटतो. पण संध्याकाळी बाप-लेकात दोन गोष्टी होत असतील, तर पोराला काय खटकते आहे, त्याला कोण चिथावते आहे हे कळते. धाकट्यांनीही थोरल्यांना एक शिकवावे. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या वर दोन बाणांची खूण दिसली, तर तो संदेश पुष्कळ हातांतून फिरून आलेला आहे, कुणी लिहिला ते कुणालाच माहीत नाही. असा संदेश पुढे ढकलण्याआधी थांबावे. अफवा पसरविण्यात म्हातारी-कोतारीही मागे नाहीत, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

आजीचा आवाज जपा

आता ज्या गोष्टीसाठी मोबाईलचे मनापासून आभार मानावेत, त्या गोष्टीकडे येतो. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नाही तिला पत्रासाठी दुसऱ्याचे तोंड बघावे लागे, असे वर म्हटले. मोबाईलवर आवाजाचा निरोप पाठविता येतो. माईकची खूण दाबून धरायची आणि बोलायचे. मध्ये कुणी वाचणारा नाही, कुणी लिहिणारा नाही. आजीचे बोलणे थेट नातीच्या कानात. अक्षरे न शिकलेल्या पिढीला आपल्या लेकराशी खाजगी बोलण्याची संधी पहिल्यांदा मिळाली ती अशी. पण त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. घरातल्या कुणीतरी तिला ती खूण दाखवायला हवी, आणि पलीकडच्या नातीने ते दोन मिनिटांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकायला हवे. न ऐकलेले निरोप आजीला दिसत नाहीत, पण कळतात.

आणि तो आवाज जपूनही ठेवता येतो. हेमा राइरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या वर्षानुवर्षे गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून लिहिल्या गेल्या, हजारोंचे ध्वनिमुद्रण झाले. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायकांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ या संस्थेने इंटरनेटवर खुला केला आहे. ज्या बायकांचे नाव कुठल्या पुस्तकात आले नसते, त्यांचा आवाज आज जगात कुठेही बसून ऐकता येतो. त्या काळी यासाठी टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडावे लागले. आज ते यंत्र तुमच्या खिशात आहे.

थोडा हिशेब करा. १९५६ साली धम्मदीक्षेच्या वेळी जे पोर दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहे. त्या वेळची वस्ती कशी होती, पाणी कुठून आणत, शाळेत कुठे बसवत, कोणत्या गावकामाला नकार दिला आणि त्याची काय किंमत मोजली, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. ती गेली की तो इतिहासही जाईल. बाबासाहेबांची भाषणे ग्रंथांत आहेत. पण आपल्या आजोबांनी त्या भाषणांवर पाऊल कसे टाकले, हे कोणत्याही ग्रंथात नाही.

म्हणून या वर्षावासात किंवा येत्या सुट्टीत घरातल्या मुलामुलींनी एक काम करावे. आजी-आजोबांना सोयीची वेळ विचारावी. टीव्ही, पंखा बंद करावा. फोन त्यांच्याजवळ उशीवर ठेवावा, तोंडासमोर धरू नये, कारण माणूस बुजतो. सुरुवातीलाच त्यांचे नाव, गाव आणि त्या दिवसाची तारीख बोलून घ्यावी. ‘तुमचा इतिहास सांगा’ असे मोठे प्रश्न विचारू नयेत. ‘तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचात?’, ‘पहिला पगार किती होता?’, ‘कोणता पूर सगळ्यांत मोठा आठवतो?’ असे साधे प्रश्न विचारावेत. मध्ये बोलू नये. एका वेळी अर्धा तास पुरे. जे सांगायचे नाही ते सांगू नये, आणि घराबाहेर काय पाठवायचे ते त्यांना विचारूनच ठरवावे. आणि एकाच फोनवर विसंबू नये. फोन पाण्यात पडतो, हरवतो. मुलाकडे, लेकीकडे अशा दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. महत्त्वाचे ते वहीत उतरवून काढावे. वहीला चार्जिंग लागत नाही.

दोन्ही बाजूंनी धागा

भगवान बुद्धांनी सिगाल या तरुणाला सहा दिशांचा अर्थ सांगितला, त्यात पूर्व दिशा म्हणजे आई-वडील. मुलांची आई-वडिलांविषयी कर्तव्ये त्यांनी सांगितली, तशी आई-वडिलांची मुलांविषयीही सांगितली. हे आपण विसरतो. थोरली पिढी नुसती कुरकुर करीत राहिली, ‘आमच्या वेळी असे नव्हते’ एवढेच म्हणत राहिली, तर पोरे जवळ बसणार नाहीत. नातवाने नवीन काही दाखविले तर आजोबांनी कुतूहलाने बघावे, विचारावे, शिकावे. ऐंशीव्या वर्षी शिकणाऱ्या आजोबाला पाहून नातू जेवढे शिकेल तेवढे दहा उपदेशांनी शिकणार नाही.

आणि दूर असलेल्या मुलांना एकच सांगणे. पैसे आता एका बोटाने घरी पोहोचतात, ही चांगली गोष्ट आहे. पण मनीऑर्डरच्या फॉर्मवर निदान दोन ओळी तरी असत. आज पैसे येतात आणि ओळी येत नाहीत, असे होऊ देऊ नका. आठवड्यातला एक वार, एक वेळ ठरवून घ्या. कामाची पाळी बदलली तर आधी कळवा, कारण ठरलेल्या वेळी फोन आला नाही, की म्हातारे माणूस रात्रभर कूस बदलत राहते. फोनवर आधी त्यांचे ऐका, मग आपले सांगा. आणि कधी तरी पाऊस नसताना, पूर नसताना, पैशाचे काम नसतानाही फोन करा. काही कारण नसताना आलेल्या फोनची आई दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत बातमी करते.